प्रश्न विचारणारें मूल : ज्यू बालशिक्षिकांचे अभ्यासप्रवास

व्यापारी परदेशीं जातो तो माल घेऊन येतो. यात्रेकरू जातो तो पुण्य घेऊन येतो, निदान तशी त्याची श्रद्धा असते. शिक्षक परदेशीं जातो तेव्हां तो काय घेऊन येतो ? त्याच्या पेटींत चार पुस्तकें, कांहीं टिपणें आणि थोडीं खेळणीं असतात. परंतु ज्यासाठीं तो गेला तो खरा माल पेटींत मावणारा नसतो. एका देशाच्या मातींत व एका समाजाच्या इतिहासांत रुजलेली शिक्षणाची रीत उपटून दुसरीकडे नेतां येते काय, आणि नेली तर ती तीच राहते काय, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रवासाच्या मुळाशीं असतो. लहान मुलांच्या शिक्षणांत तर हा प्रश्न विशेषच नाजूक होतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला शिकविणें म्हणजे त्याला एखादा विषय शिकविणें नव्हे. घरची भाषा, घरचीं गाणीं, सणवार, जेवणाखाण्याच्या चालीरीती या सर्वांसह त्याला वाढविणें म्हणजेच त्याला शिकविणें होय. ज्यू समाजांतील बालशिक्षिकांनीं हा प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या वेळीं सोडवून पाहिला आहे. त्यांच्या प्रवासांपैकीं दोन वाटा विशेष बोधप्रद आहेत. पहिली वाट बर्लिनची, आणि दुसरी इटलींतील रेज्जो एमिलिया या शहराची.

पहिल्या वाटेची हकीकत थोडक्यांत अशी. फ्रेडरिक फ्रोबेल यानें 1837 सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं एक संस्था काढली व 1840 सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. पुढें 1874 मध्यें बर्लिन येथें पेस्टालोझी-फ्रोबेल हाऊस ही संस्था निघाली, आणि बालशिक्षिका होऊं इच्छिणाऱ्या तरुणींचें तें एक मोठें विद्यापीठच बनलें. तेथें शिकावयास आलेल्यांत पूर्व युरोपांतील ज्यू मुलीहि होत्या. बियालिस्टॉकची हास्या फाइनसोद ही त्यांपैकीं एक. बर्लिनचें शिक्षण घेऊन 1912 च्या सुमारास ती पॅलेस्टाइनमध्यें गेली आणि जेरुसलेममधील बालशाळांच्या कामाला तिनें वाहून घेतलें. मृतसमुद्राकांठच्या प्राचीन गुंडाळ्यांचें मोल ओळखणारे पुराणवस्तुसंशोधक एलियेझर सुकेनिक हे तिचे पति. तिच्या आधीं, 1898 मध्यें, रिशोन लेत्सियोन या वसाहतींत पहिली हिब्रू बालशाळा निघाली होती, व ती चालविण्याचें काम एस्तेर शापिरा या तरुणीवर सोंपविलेलें होतें.

या शिक्षिकांची अडचण मोठी विलक्षण होती. फ्रोबेलची पद्धति त्यांच्या हातीं होती; त्याचे चेंडू, ठोकळे, कागदाच्या घड्या सर्व कांहीं होतें. परंतु मुलांशीं बोलावयाचें कोणत्या भाषेंत ? मुलांच्या घरांत यिडिश, रशियन, अरबी, लादिनो अशा अनेक भाषा बोलल्या जात. हिब्रू ही प्रार्थनेची आणि ग्रंथांची भाषा. शतकानुशतकें कोणा आईनें तिच्यांत अंगाईगीत गाइलेलें नव्हतें. बाहुली, रुमाल, सायकल अशा रोजच्या वस्तूंनासुद्धां त्या काळीं नवे शब्द घडवावे लागले. जर्मन पद्धतींत गाण्याला फार महत्त्व. आणि हीं गाणीं तर जर्मन. म्हणजे पेटी भरून माल आला, पण तो ज्या शब्दांत उलगडावयाचा ते शब्दच जागेवर नव्हते.

तेव्हां शिक्षिकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें साहित्य स्वतः निर्माण करण्यास आरंभ केला. येहिएल हॅल्पेरिन यानें वॉर्सा येथें हिब्रू बालशाळा काढून बालशिक्षिकांसाठीं वर्ग चालविले, आणि बालशिक्षणाला वाहिलेलें ‘हा-गिना’, म्हणजे ‘बाग’, या नांवाचें नियतकालिकहि काढलें. लेव्हिन किप्निस यानें बालशाळांतील सणांसाठीं शेंकडों गाणीं व गोष्टी लिहिल्या. मूळच्या जर्मन नांवाचा अर्थ घेऊन ‘गान येलादिम’, मुलांची बाग, हा हिब्रू शब्द रूढ झाला. आणि शिक्षिकेला ‘गानेनेत’ म्हणजे माळीण म्हणूं लागले. आजहि इस्राएलमध्यें बालशिक्षिकेला हाच शब्द आहे. जर्मन ज्यूंच्या एका साहाय्यक संस्थेनें हैफा येथें निघणाऱ्या तंत्रविद्यालयांत जर्मन भाषेंतून शिकविण्याचें ठरविलें तेव्हां, 1913 मध्यें, त्याविरुद्ध मोठी चळवळ झाली. या संस्थेच्या अनेक शाळांतून शिक्षक व विद्यार्थी बाहेर पडले, आणि हिब्रू माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. बर्लिनहून पद्धति घ्यावी, परंतु मुलाची जीभ बर्लिनच्या स्वाधीन करूं नये, असा त्या सर्व खटाटोपाचा इत्यर्थ होता.

दुसरी वाट अलीकडची. उत्तर इटलींत पार्मा आणि मोदेना यांच्या मध्यें, प्राचीन रोमन राजमार्गावर, रेज्जो एमिलिया हें शहर वसलेलें आहे. चीजसाठीं तें जगप्रसिद्ध आहे, आणि इटलीचा तिरंगी ध्वज 7 जानेवारी 1797 या दिवशीं प्रथम तेथेंच स्वीकारला गेला. परंतु आज जगांतील शिक्षक तेथें जातात ते चीजसाठीं नव्हे किंवा ध्वजासाठींहि नव्हे. तेथील नगरपालिकेच्या बालशाळा पाहण्यासाठीं ते जातात. शिक्षकांचे गट आठवडाभर तेथें राहतात, सकाळीं व्याख्यानें ऐकतात, दुपारीं शाळा पाहतात, संध्याकाळीं चर्चा करतात. अशा गटांत अमेरिकेंतील ज्यू बालशाळांच्या शिक्षिकांचे गटहि असतात. त्या काय पाहावयास जातात हें समजण्यासाठीं या शाळांचा जन्म कसा झाला तें पाहिलें पाहिजे.

एप्रिल 1945 मध्यें इटलींतील युद्ध संपलें. रेज्जोजवळच्या व्हिल्ला चेल्ला या खेड्यांतील लोकांनीं ठरविलें कीं, आतां आपल्या मुलांसाठीं शाळा बांधावयाची. पैसा कोठून आणावा ? पळून जाणाऱ्या जर्मन सैन्यानें मागें टाकलेला एक रणगाडा, कांहीं मोटार-ट्रक आणि थोडे घोडे त्यांनीं विकले. बाँबनें पडलेल्या घरांच्या विटा गोळा केल्या, नदीची वाळू आणली, आणि रात्रीं व रविवारीं बायकापुरुषांनीं स्वतः राबून भिंती उठविल्या. ही बातमी ऐकून लोरिस मालागुत्सी नांवाचा पंचवीस वर्षांचा एक शिक्षक सायकलवरून तेथें गेला. त्यानें पाहिलें तें त्याला आयुष्यभर पुरलें. रणगाडा विकून शाळा बांधणारे हे लोक त्याला सांगत होते कीं, ज्या शिक्षणानें माणसें निमूटपणें आज्ञा पाळावयास शिकलीं आणि हुकूमशाहीच्या मागें गेलीं, तें शिक्षण पुन्हा नको. मुलें विचार करणारीं व्हावींत, एकमेकांचें ऐकणारीं व्हावींत.

आरंभींच्या त्या शाळा लोकांनीं, विशेषतः स्त्रियांच्या संघटनांनीं, चालविल्या. पुढें 1963 मध्यें नगरपालिकेनें ‘रॉबिन्सन’ या नांवाची पहिली बालशाळा काढली, आणि 1971 मध्यें तीन वर्षांखालील मुलांसाठीं पहिलें शिशुगृह निघालें. या शाळांतील मुलांच्या कामाचें प्रदर्शन 1981 मध्यें स्टॉकहोमला गेलें व मग देशोदेशीं फिरूं लागलें. तेथील सार्वजनिक बागेंत असलेल्या ‘दिआना’ या शाळेची 1991 मध्यें एका अमेरिकन साप्ताहिकानें जगांतील उत्तम शाळांत गणना केली, आणि पाहुण्यांची रीघ लागली. मालागुत्सी 1994 मध्यें वारला; परंतु त्याच वर्षीं या पाहुण्यांच्या अभ्यासाची व्यवस्था पाहणारी एक संस्था स्थापन झाली, आणि 2006 मध्यें चीजच्या एका जुन्या वखारींत त्याच्या नांवाचें आंतरराष्ट्रीय केंद्र उघडण्यांत आलें.

या शाळांत शिरणाऱ्या पाहुणीला प्रथम दिसतो तो मधला चौक. गांवच्या चौकासारखा हा शाळेचा चौक. सर्व वर्गांचीं दारें त्यांत उघडतात. स्वयंपाकघर आडबाजूला दडविलेलें नसतें. स्वयंपाकीण ही शाळेच्या शिक्षणांतील एक भागीदार मानली जाते. प्रत्येक शाळेंत एक कार्यशाळा असते, तिला ‘आतेलिए’ म्हणतात. तेथें माती, तार, रंग, कागद, प्रकाश यांच्याशीं मुलें खेळतात, आणि कलेचें शिक्षण घेतलेली एक व्यक्ति त्यांच्याबरोबर असते. एका वर्गावर दोन शिक्षिका असतात, व त्यांच्यांत कोणी मुख्य नाहीं, कोणी साहाय्यक नाहीं. दोन प्रौढ माणसें आणि तिसरा शिक्षक म्हणजे स्वतः ती जागा, असें तेथें म्हणतात. भिंतींवर मुलांचीं चित्रें असतात, पण केवळ शोभेसाठीं नव्हेत. चित्राखालीं मूल काय बोललें, त्याला कोणता प्रश्न पडला, दुसऱ्या मुलानें त्यावर काय सुचविलें, हें सर्व शिक्षिकेनें टिपून लावलेलें असतें. या टिपणांवर शिक्षिका आपसांत बसून विचार करतात आणि मग उद्यांचें काम ठरवितात. अभ्यासक्रम आधीं छापून ठेवलेला नसतो. दिशा ठरलेली असते, वाट मुलांबरोबर सांपडत जाते.

यांतील एक प्रसंग या शहरांत येणारा बहुतेक प्रत्येक पाहुणा ऐकतो. दिआना शाळेंत पूर्वीं होतें तसेंच आणखी एक टेबल हवें होतें. सुताराला माप दिलें पाहिजे. पांच-सहा वर्षांच्या कांहीं मुलांनीं हें काम अंगावर घेतलें. शिक्षिकेला फुटपट्टी कशी धरावी हें दाखवितां आलें असतें आणि पांच मिनिटांत काम संपलें असतें. तिनें तें केलें नाहीं. मुलांनीं बोटांनीं मापून पाहिलें, वितींनीं मापलें, पावलांनीं मापलें. प्रत्येकाचें उत्तर वेगळें आलें. मग एका मुलाचा जोडा माप म्हणून ठरला, आणि टेबल इतके जोडे लांब आहे असें निघालें. पण सुताराजवळ तो जोडा कोठें होता ? असें करतां करतां, सर्वांना सारखें असणारें एक माप असावें लागतें, हें मुलांच्या ध्यानीं आलें, आणि शेवटीं त्यांनीं मीटरपट्टी हातीं घेतली. मीटर त्यांना कोणीं दिला नाहीं. मीटरची गरज त्यांची त्यांना लागली.

आतां एखादी ज्यू बालशिक्षिका हें सर्व पाहते तेव्हां तिच्या मनांत काय येतें ? ती जेथून आली ती शाळा बहुधा एखाद्या सिनेगॉगला किंवा ज्यू समाजकेंद्राला जोडलेली असते. तिच्या शाळेंत दर शुक्रवारीं दिवे लावून, वेणीसारखी विणलेली पोळी मोडून शब्बाथाचें स्वागत होतें. वर्षाचें सारें चक्र सणांनीं आंखलेलें आहे. मुलाच्या हातांत परंपरा सोंपविणें याचसाठीं ती शाळा निघालेली आहे; तें काम तिनें सोडलें तर शेजारच्या कोणत्याहि चांगल्या बालशाळेंत आणि तिच्या शाळेंत भेद उरणार नाहीं. रेज्जोच्या शाळा तर नगरपालिकेच्या आहेत व त्यांची वृत्ति धर्मनिरपेक्ष आहे. तेथें मूल स्वतःच्या प्रश्नानें पुढें जातें. येथें मात्र अनेक प्रश्नांचीं उत्तरें तीन हजार वर्षांपूर्वींच्या स्मृतीनें आधींच देऊन ठेविलीं आहेत. मग या दोहोंचा मेळ कसा बसावा ? मुलाला मोकळें सोडावें तर वारसा हातून निसटतो. वारसा घोंकून घ्यावा तर मूल हातून निसटतें. हा पेंच काल्पनिक नव्हे. सण संपला कीं कागदी दिवे व चिकटविलेले तारे घरीं जातात, सर्व मुलांचे तारे एकसारखे असतात, आणि त्यांत मुलाचें स्वतःचें असें कांहींच नसतें, हें कोणत्याहि धर्माच्या शाळेंतील विचारी शिक्षिकेला कधीं ना कधीं जाणवलेलें असतें.

या पेंचाचें उत्तर शोधतांना कित्येक शिक्षिका इटलीहून परत आपल्याच ग्रंथांकडे वळतात, आणि तेथें त्यांना एक नवल दिसतें. वल्हांडण सणाच्या रात्रीं मिसर देशांतील गुलामगिरींतून सुटका झाल्याची कथा घरोघर सांगितली जाते. ती सुरू होते ती घरांतील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनीं : ही रात्र इतर रात्रींहून वेगळी कां ? आज हे प्रश्न ठरलेले आहेत, आणि मुलें ते पाठ करून चालीवर म्हणतात. म्हणजे प्रश्न हाच पाठांतराचा विषय झाला ! परंतु जुन्या तालमुदांत पाहिलें तर मूळची योजना वेगळीच दिसते. मुलानें खरोखर जागें राहावें आणि खरोखर प्रश्न विचारावा म्हणून वडील माणसें युक्त्या करीत. रब्बी अकिवा त्या सणाच्या संध्याकाळीं मुलांना भाजलेले दाणे व अक्रोड वाटीत असे, असें तेथें सांगितलें आहे. दुसरी एक हकीकत आबाये नांवाच्या पंडिताच्या लहानपणाची आहे. जेवण होण्यापूर्वींच समोरचें मेज उचलून नेतांना पाहून त्या मुलानें आश्चर्यानें विचारलें, कीं अजून आपण जेवलों नाहीं, आणि मेज कां नेतां ? तेव्हां त्याचा गुरु रब्बा म्हणाला, कीं तूं आतां आम्हांला ते ठरलेले प्रश्न म्हणण्यापासून मोकळें केलेंस. मुलाचा एक खरा प्रश्न पाठ केलेल्या साऱ्या प्रश्नांची जागा घेऊं शकतो, हें त्या जुन्या पंडितांनीं मान्य केलें होतें. रेज्जोची हकीकत टेबलाची, आणि ही हकीकतहि टेबलाचीच, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

या दोन हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे पेंच सुटण्याची वाट दिसूं लागते. दिआना शाळेंतील मुलांनीं मीटर शोधून काढला नाहीं. तो आधींपासून जगांत होता, पूर्वींच्या पिढ्यांनीं ठरवून ठेविलेला होता. मुलांनीं केलें तें एवढेंच कीं, आपल्या जोड्यापासून निघून तीं त्या सामाईक मापापर्यंत स्वतःच्या पायांनीं चालत आलीं. परंपरा हीहि एक सामाईक माप आहे. ती मुलावर लादावी लागत नाहीं आणि त्याच्यापासून लपवूनहि ठेवावी लागत नाहीं. तिची गरज त्याला लागेल अशी परिस्थिति निर्माण करणें हें शिक्षिकेचें कौशल्य. शरद ऋतूंतील सुक्कोथ म्हणजे मांडवांच्या सणाचें उदाहरण घ्यावें. या सणांत फांद्यांचें छप्पर असलेली तात्पुरती खोपटी उभारतात; छपरांतून चांदण्या दिसाव्यात अशी जुनी रीत आहे. मुलांना तयार खोपटीचें चित्र रंगवावयास देतां येतें. किंवा फांद्या, दोर व काठ्या त्यांच्यापुढें ठेवून असें विचारतां येतें, कीं घर थंडवाऱ्यापासून वांचवितें, आणि हें घर तर चांदण्या दाखवितें. मग याला घर म्हणावें काय, आणि तें उभें कसें करावें? दुसऱ्या रीतींत नियम जसाच्या तसा राहतो, परंतु तो मुलाला प्रश्नाच्या रूपानें भेटतो. ज्यू विद्यालयांत दोघांनीं मिळून एक ग्रंथ वाचावयाचा आणि एकमेकांशीं वाद घालीत त्याचा अर्थ लावावयाचा, ही ‘हव्रुता’ नांवाची प्राचीन पद्धति आहे. दोन बरोबरीच्या शिक्षिकांनीं मुलांच्या टिपणांवर बसून विचार करणें हें तिच्याहून फारसें वेगळें नाहीं. परदेशीं जाऊन आपल्याच घरांतील वस्तु ओळखावयाची, असा हा प्रकार होय.

परंतु या प्रवासाला आणखी एक अंग आहे, आणि ज्यू शिक्षिकेला तें टाळतां येत नाहीं. रेज्जो शहरांत एके काळीं ज्यू वस्ती होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांना एका वेगळ्या मोहल्ल्यांत कोंडण्यांत आलें. त्या मोहल्ल्यांतील 1858 सालच्या सिनेगॉगची भव्य वास्तु आजहि उभी आहे, पण तिचा उपयोग आतां मुख्यतः संगीत व प्रदर्शनें अशा कार्यक्रमांसाठीं होतो. इटलीच्या फॅसिस्ट सरकारनें 1938 मध्यें वंशभेदाचे कायदे करून ज्यू मुलांना आणि ज्यू शिक्षकांना सरकारी शाळांतून काढून टाकलें. पुढें जर्मनांचा अंमल आला तेव्हां जवळच्या कार्पी गावापाशीं फॉसोली येथें छावणी झाली, आणि तेथून आगगाड्यांनीं ज्यूंना ऑश्विट्झला नेण्यांत आलें. त्यांत रेज्जोचे ज्यूहि होते. प्रसिद्ध लेखक प्रीमो लेव्ही 1944 च्या फेब्रुवारींत याच छावणींतून नेला गेला. ज्या हुकूमशाहीनें मुलांना वर्गांतून हांकलून दिलें तिच्याच पाडावानंतर, तिच्याच मित्रसैन्याचा रणगाडा विकून, त्याच परिसरांतील लोकांनीं मुलांसाठीं शाळा बांधली. प्रत्येक मुलाला शाळेंत जागा आहे, त्याचें म्हणणें ऐकण्याजोगें आहे, हा रेज्जोचा आग्रह एखाद्या शिक्षणशास्त्रज्ञाची लहर नव्हे. काय घडलें होतें याची ती आठवण आहे. ही गोष्ट ध्यानीं आली म्हणजे चौक, कार्यशाळा व सुंदर टिपणें यांच्या मागें काय उभें आहे तें कळतें.

आणि म्हणूनच रेज्जोचे लोक पाहुण्यांना बजावून सांगतात, कीं आमची नक्कल करूं नका. नक्कल करतां येण्यासारखीहि परिस्थिति नसते. तेथें शाळांच्या पाठीशीं नगरपालिका आहे, आणि शिक्षिकांना दर आठवड्यास मुलांवांचून कांहीं तास केवळ विचारविनिमयासाठीं मिळतात. अमेरिकेंतील बालशाळा मुख्यतः पालकांच्या फीवर चालतात, शिक्षिकांचे पगार तुटपुंजे असतात, आणि अनुभवी शिक्षिका काम सोडून जातात ही नेहमींची तक्रार आहे. आठवडाभराच्या प्रवासानें यांतील कांहींहि बदलत नाहीं. लांकडी सामान, आरसे आणि प्रकाशाचीं मेजें विकत घेतां येतात. ऐकून घेण्याची संवय विकत मिळत नाहीं. प्रवासाहून परतलेल्या शिक्षिकेनें पहिल्याच दिवशीं भिंती बदलल्या तर तिनें माल आणला असें समजावें. आणि एखाद्या मुलाचा प्रश्न ऐकून तिनें आपलें तयार उत्तर क्षणभर आंवरलें, तर ती शिकून आली असें म्हणावें.

मराठी वाचकांस या सर्व हकीकतींतील एक धागा अगदीं जवळचा वाटेल. कोंकणांत शतकानुशतकें राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. त्यांच्यासाठीं 1874 मध्यें पुणें येथें वल्हांडणाच्या कथेचें पुस्तक हिब्रू मजकूर व मराठी भाषांतर यांसह सचित्र छापलें गेलें. हिब्रू न समजणाऱ्या घरांतील मुलालाहि ही रात्र वेगळी कां हें आपल्या बोलींत विचारतां यावें, ही सोय त्या पुस्तकानें झाली. बर्लिनहून परतलेल्या शिक्षिकांनीं जर्मन खेळांना हिब्रू शब्द दिले; पुण्याच्या त्या छापखान्यांत हिब्रू प्रश्नाला मराठी शब्द मिळाले; आणि रेज्जोहून परतणारी शिक्षिका पाठ झालेल्या प्रश्नाच्या जागीं पुन्हा खरा प्रश्न यावा म्हणून खटपट करते. काळ वेगळे, देश वेगळे, पण काम एकच. दुरून आणलेली वस्तु मुलाच्या तोंडीं त्याच्या स्वतःच्या शब्दांत आली, तरच ती आणली असें म्हणावयाचें. तोंवर ती पेटींतच असते.